गेलं काय ते सांगा

मशीनला ‘आपण’ म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे सर. फ्लॉपी आत सरकवताना ते हळूच पुटपुटायचे, “घ्या आपण,” आणि मशीन घरघरायला लागलं की हात मागे बांधून वाट बघत उभे राहायचे. त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललं तर ते मान हलवून गप्प करायचे. दोघांचं बोलणं चाललेलं असताना तिसऱ्यानं मध्ये तोंड घालू नये, तसं.

शाहूपुरीत इंजिनाच्या सुट्या भागांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. कोल्हापुरात त्या काळी लोक नुसता कॉम्प्युटर बघायलासुद्धा जिना चढून यायचे. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथं शिकवायला लागले होते. सर माझ्या वडिलांच्या वयाचे. मालक मात्र माझ्याहून थोडाच मोठा. शेतकरी घरातला, पुण्याला शिकून आलेला, मनाचा चांगला आणि बोलायला रोखठोक. त्यानं एसी बसवला होता तो मशीनसाठी. आम्हाला थंडी वाजते म्हटलं तर म्हणायचा, “मग स्वेटर घाला की. मशीनला काय स्वेटर घालता येतंय?”

सरांनी ते मनावर घेतलं. भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून ते जिना चढायचे. खाली पिस्टन घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं एकदा विचारलं, “काय पावणं, थंडी वाजतीया व्हय?” सर थांबले. “इथं नाही, वर वाजते,” म्हणाले आणि चढून गेले. तो माणूस बराच वेळ वर बघत उभा होता.

त्यांच्याबद्दल आम्हाला फार थोडं माहीत होतं. मुंबईला एका मोठ्या कचेरीत, खोली भरून टाकणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. मग ते सोडून इकडे आले. लग्न केलं नव्हतं. क्लासच्या मागच्या बोळात एक खोली घेऊन राहायचे आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायचे. रविवारी क्लास बंद असायचा. एका रविवारी मी बाजाराला निघाले होते तर सर खालच्या दुकानाच्या बंद शटरसमोर उभे होते.

“सर, आज सुट्टी आहे.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “सहज आलो.”

मी बाजार करून परत येईपर्यंत ते तिथंच होते.

कुठलीही नवी गोष्ट निघाली की सरांचा एकच प्रश्न असायचा. “नवं काय आलं ते कुणीही सांगतं. गेलं काय ते सांगा.” कुणी नवं घर बांधलं, रस्त्याला नवे दिवे लागले, खानावळीचा आचारी बदलला, कशालाही हेच. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले. मुलगा काय करतो, घर कुठं आहे, सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे आलं ते समजलं. जाणार काय?” मी हसत म्हटलं, “इथली नोकरी, सर. आणि कोल्हापूर.” त्यांनी पेढा तोंडात टाकला. “मग दोन्ही बाजूंना लिहून ठेवा,” म्हणाले. माझ्या लग्नाबद्दल इतकं गंभीरपणे दुसरं कुणी बोललं नाही.

सांगायचं आहे ते डॉसबद्दल. आता तिचं नाव बऱ्याच जणांना माहीतही नसेल. मशीन चालू केलं की सगळ्यात आधी डॉस येऊन बसायची, आणि आपण टाइप केलेला हुकूम ती मशीनला कळवायची. पडद्यावर चित्रं नव्हती, काही नव्हतं. काळ्या पडद्यावर एक ओळ लुकलुकायची आणि तिच्यापुढे काय लिहायचं हे आपल्याला पाठ असावं लागायचं. आमच्याकडे होती ती जुनी डॉस. रोज सकाळी मशीन चालू केलं की ती आधी तारीख विचारायची आणि मग वेळ. बाकीचे सगळे न बघता बटण दाबून पुढे जायचे, त्यामुळे मशीनच्या लेखी रोज एकोणीसशे ऐंशी सालची एक जानेवारी असायची. सर तसं करू द्यायचे नाहीत. जाणाऱ्याला परत बोलवायचे. “विचारलंय ना? मग खरं सांगा.” स्वतः तारीख घालताना आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे, मग घड्याळ. मी एकदा म्हटलं, सर, याचा कंटाळा नाही येत? ते म्हणाले, “उठल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नसतं हो, मॅडम. हे पहिलंच असतं.” तक्रारीच्या सुरात नाही, माहिती सांगावी तसं म्हणाले.

त्याच सुमाराला आमच्याकडे हुपरीच्या एक ताई शिकायला आल्या. तिशीच्या असतील. नवरा गेल्यावर माहेरी भावांकडे राहायला आलेल्या. भावांचं घरातच पैंजण घडवायचं काम होतं, आणि ताई दिवसभर कड्या जोडायला बसायच्या. लग्नाआधी कॉलेजची दोन वर्षं झाली होती, तेवढ्या बळावर भावांशी भांडून त्या एस.टी.नं कोल्हापूरला यायला लागल्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी काहीतरी चुकीचं टाइप केलं आणि पडद्यावर नेहमीची ओळ आली. ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम.’ त्यांनी पुन्हा टाइप केलं, पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्या उठल्या आणि पिशवी उचलली.

“मला न्हाय जमायचं, सर,” त्या म्हणाल्या. “घरात समदी हेच म्हणत्यात. आता हे बी बॅड म्हणतंय.”

मुलं हसली. सर हसले नाहीत. “ते तुम्हाला नाही म्हणत, ताई. तुम्ही लिहिलेल्या शब्दाला म्हणतंय,” असं त्यांनी समजावलं. ताई बसल्या, पण कळफलकावर हात ठेवेनात.

पुढचे काही दिवस सर कोपऱ्यातल्या मशीनला चिकटून होते. शिकवून झालं की तिथं, जेवून आले की तिथं. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. “मॅडम, काहीतरी चुकीचं लिहा.” मी काहीबाही बटणं दाबली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ओळ उमटली: ‘समजलं नाही पुन्हा सांगा’.

त्यांनी डॉसच्या पोटात शिरून तिचं बोलणं बदललं होतं. ते सोपं नव्हतं. मूळच्या इंग्रजी वाक्याला आत जितकी जागा होती, तितक्याच जागेत मराठी वाक्य बसायला हवं. एक अक्षर जास्त झालं तर सगळं कोलमडायचं. “किती वाक्यं करून पाहिली,” ते सांगायला लागले. त्यांचे डोळे चमकत होते. “‘माफ करा’ बसत नव्हतं. ‘कृपया’ बसत नव्हतं. हे बसलं, पण मध्ये स्वल्पविराम हवा होता, ‘नाही’च्या पुढे. तो घातला तर एक जागा जास्त होत होती. काढावा लागला.” त्या स्वल्पविरामाची हळहळ त्यांना पुढे कितीतरी दिवस होती.

ताई आल्यावर सरांनी त्यांना कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं आणि स्वतः लांब, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. ताईंचं चुकलं. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, ओठ हलवत एकेक अक्षर लावलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“सर, हे तर आमच्या आईगत बोलतंय की.”

सर खिडकीबाहेरच बघत राहिले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

त्या मशीनवर ताई शिकल्या. चुकायला भ्यायच्या नाहीत, त्यामुळे भराभर शिकल्या. मग बाकीचीही मुलं त्याच मशीनसाठी भांडायला लागली, आणि सर मधूनमधून एखादं नवं वाक्य बसवायचे. दुपारी त्या कोपऱ्यात चार-पाच जण आणि मध्ये मफलरवाले सर, असं दिसायचं. ते वर्ष सरांचं बरं गेलं, असं मला आजही वाटतं.

मग मालकानं पुण्याहून नवी डॉस आणली. बरोबर एक नवं मशीनही आणलं. त्याच्या आत घड्याळ होतं, त्यामुळे ते तारीख विचारायचं नाही. एका शनिवारी मालक सरांना म्हणाला, “उद्या लोकांना बोलावलंय. साखर कारखान्याचे, बँकेचे, फाउंड्रीवाले. जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावायची, आणि दोन्हीतला फरक तुम्ही सांगायचा. आणि सोमवारी कोपऱ्यातल्या मशीनवर बी नवीच घालू.”

“त्या मशीनवर मुलं शिकतात,” सर म्हणाले.

“नव्यावर बी शिकतील की. सर, तुमचं काम लई भारी हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण ही पोरं उद्या पुण्याला नोकरीला जाणार. तिथलं मशीन काय मराठीत बोलणार हाय? तिथं बॅड म्हटलं की ही घाबरून परत येणार. मग?”

सरांनी थोडा विचार केला. “बरोबर आहे,” म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले याचीच मला काळजी वाटली.

रविवारी खोली भरली. मागे ताईही येऊन बसल्या होत्या. कोपऱ्यातलं मशीन मध्यभागी आणून नव्याच्या शेजारी ठेवलं होतं. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुरुवात त्यांनी अर्थातच काय गेलं त्यापासून केली. मालकानं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

“फ्लॉपी खराब निघाली,” सर म्हणाले, “तर जुनी तीन गोष्टी सुचवायची. सोडून द्या, पुन्हा करून बघा, किंवा दुर्लक्ष करा. नव्या डॉसनं यातलं दुर्लक्ष काढून टाकलंय. त्या जागी नापास असा शब्द ठेवलाय.” लोक हसले. सर म्हणाले, “दुर्लक्ष करण्याची सोय फार चांगली होती. दुसरं, नवी जास्त जागा खाते. मशीनच्या डोक्यात आपल्यासाठी कमी जागा उरते. तिसरं, ती तारीख विचारत नाही. तिला ठाऊक असते.”

मग म्हणाले, “आता आलं काय ते दाखवतो.”

जुन्या मशीनसमोर बसून त्यांनी अख्खी हार्ड डिस्क पुसायचा हुकूम टाइप केला. मला आधी वाटलं की ते नुसतं लिहून दाखवणार. “बघा,” ते लोकांना म्हणाले, “ही फक्त म्हणतेय, सुरू करायला कुठलंही बटण दाबा. काय जाणार आहे हे सांगत नाही. खरंच करू का, असंही विचारत नाही.” आणि त्यांनी बटण दाबलं.

डिस्क कुरकुरायला लागली. मी उभी राहिले. मालक म्हणाला, “सर, अहो—” आणि थांबला. त्या डिस्कवर मुलांचं कामही नव्हतं, हिशोबही नव्हते. सरांची डॉस होती. पुसायला बराच वेळ लागत होता. सर हात मागे बांधून उभे होते.

ते संपल्यावर त्यांनी तोच हुकूम नव्या मशीनला दिला. पडद्यावर इशारा आला: यावरचं सगळं नाहीसं होईल, पुढे जायचं का, हो की नाही? सरांनी ‘नाही’चं बटण दाबलं.

“ही विचारते,” ते म्हणाले. “एवढ्या एका गोष्टीसाठी नवी घ्यावी. बाकी सगळं जुनीत बरं होतं.”

साखर कारखान्याच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मालक खूश होता, पण सरांच्या जवळ जायला बिचकत होता. लोक गेल्यावर मी विचारलं, “असं का केलंत, सर? फ्लॉपीवर तरी ठेवलीय ना?”

“ठेवलीय. पण लावणार कुठल्या मशीनला? उद्या कुणीतरी पुसणारच होतं ते. मग म्हटलं आपणच पुसू.”

तेवढ्यात ताई पुढे आल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही वाईट वाटून घिऊ नका. आता मला ते बॅड म्हटलं तरी चालतंय. त्याला बिचाऱ्याला तेवढंच येतंय.”

“छान,” सर म्हणाले. “हे फार छान झालं.” त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुसणं बराच वेळ चाललं.

सोमवारपासून कोपरा रिकामा झाला. मुलं आपापल्या मशीनवर बसायला लागली. सरांना कुणी टाळत होतं असं नाही, पण त्यांच्याकडे जायचं कारण उरलं नाही. सकाळी ते सवयीनं कॅलेंडर बघायचे. मालकानं जुन्या मशीनमध्येही घड्याळं बसवून घेतल्यामुळे विचारणारं कुणी नसायचं, तरी बघायचे.

दिवाळी झाल्यावर ताईंना एका दूध संस्थेच्या कचेरीत नोकरी लागली. कॉम्प्युटरवरचीच. त्या पेढे घेऊन आल्या तेव्हा सर क्लासवर नव्हते. दोन-तीन दिवस आले नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते आमच्या कुणाच्या नीट लक्षात आलं नव्हतं. ताई म्हणाल्या, “चला, बघून येऊ.”

सर तापानं पडले होते. आम्हाला दारात बघून ते गडबडून उठले. खोलीत एकच खुर्ची होती. मला खुर्चीवर आणि ताईंना खाटेवर बसवल्यावर आपण कुठं बसायचं हे त्यांना कळेना, म्हणून ते अंगात ताप असताना भिंतीला टेकून उभे राहिले. ताईंनी त्यांना दटावून खाटेवर बसवलं आणि स्टोव्ह पेटवून चहा टाकला. सर मला नव्या डॉसमधल्या एका खोडीबद्दल सांगत होते. ताईंनी मध्येच विचारलं, “घरचं कोण न्हाय व्हय, सर?”

“थोरला भाऊ आहे. राधानगरीला. शेती करतो.”

“मग तापाचं कळवलं न्हाय?”

“काय कळवायचं? ताप आहे म्हणून?”

“व्हय. ताप हाय म्हणून.”

सर स्टोव्हकडे बघत बोलायला लागले. मुंबईत असताना मोठ्या मशीनवरची जुनी सिस्टिम काढून नवी घालायची होती. दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवायच्या आणि जुनी जे देते तेच नवी देते का, हे ओळ न् ओळ ताडून बघायचं. ते काम सरांकडे होतं. त्यातच गावाहून तार आली, वडील अत्यवस्थ आहेत.

“साहेब म्हणाले, जा, दुसरा माणूस बघेल,” सर सांगत होते. “दुसरा होता. चांगला होता. मीच म्हटलं, नको, एवढं संपवतो आणि जातो. मला वाटलं माझ्याशिवाय चूक राहील. संपवून गेलो तर तेरावंही झालं होतं. दादा ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं. म्हणाला, आता कशाला आलास?” त्यांनी चादर गुडघ्यांवर ओढली. “चूक एकही निघाली नाही. दोन्ही सिस्टिम तंतोतंत सारख्या.”

चहा उतू गेला तो ताईंनी पुसला. “मग त्यानंतर गेलाच न्हाय?”

“न्हाय गेलो,” सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावाकडचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

“जावा एकदा,” ताई म्हणाल्या. “भाऊ बोलत्यात तसं. माझं बी बोलत्यात. म्हणून काय घर सोडायचं?”

पुढे माझं लग्न झालं आणि मी कोल्हापूर सोडलं. काही वर्षांनी क्लासही बंद झाला; मालकानं त्या जागी झेरॉक्सचं दुकान टाकलं. सर कुठं गेले ते त्यालाही सांगता आलं नाही. पण मी तिथं होते तोवरची एक गोष्ट सांगायची राहिली. ताप उतरल्यावर एका रविवारी सर खरोखर राधानगरीला गेले. शनिवारी त्यांनी मला विचारलं होतं की वहिनीला काय न्यावं, आणि मी साडी सांगितल्यावर घाबरून सफरचंदं घेतली होती. सोमवारी मी क्लास उघडायच्या आधीच येऊन जिन्यात थांबले.

“भेटले भाऊ?”

“भेटला. थकलाय. खळ्यावर मळणी चालली होती. मला बघून हातातलं टाकून आला. वहिनीनं चहा दिला. अंगणात बसलो.”

“काय बोललात?”

“भाताचं बोलला. यंदा बरं आहे म्हणाला.” सर कुलपाला किल्ली लावत होते. “मग त्यानं विचारलं, किती दिवस ऱ्हाणार हाईस?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, शेवटची गाडी संध्याकाळी आहे.”

त्यांनी दार उघडलं, दिवे लावले.

“सर, गाडी सकाळीही असते ना?” मी विचारलं.

“असते की,” ते म्हणाले. “वहिनीही तेच म्हणाली. पण तोवर मी चपला घातल्या होत्या.”